जुनी मोटारसायकल, नवे रूप आणि खर्चाची वही

बाजारपेठेच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दुकान चालवणाऱ्या घराच्या जिन्याखाली किंवा मागच्या अंगणात एक जुनी मोटारसायकल बहुधा उभी असते. त्याच गाडीवरून एके काळी सकाळी मार्केट यार्डातील लिलाव गाठलेला असतो, दुपारी बँकेत भरणा केलेला असतो आणि संध्याकाळी आसपासच्या खेड्यांतील उधारीची वसुली झालेली असते. पुढे घरात स्कूटर येते, मोटार येते आणि मोटारसायकल मागे पडते. विकायला काढावी तर भंगाराच्या आसपासचा भाव मिळतो. ठेवावी तर धूळ खाते. अशा वेळी महाविद्यालयात जाणारा मुलगा म्हणतो, "पप्पा, ही गाडी मला द्या. घरीच नवी करून दाखवतो." त्या एका वाक्याने वडिलांना खर्च दिसतो, आईला अपघात दिसतो आणि आजोबांना आपली उमेदीची वर्षे दिसतात. तिघांचेही दिसणे खरे असते. म्हणूनच परवानगी द्यावी की न द्यावी, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. ठरलेल्या रकमेत, घरच्या घरी, कायद्याच्या चौकटीत आणि जिवाला धोका न होता हे काम पूर्ण कसे करावे, याचा आराखडा आधी मांडावा लागतो.

उदाहरणादाखल हिरो होंडा स्प्लेंडर घेणे सोयीचे आहे. कारण व्यापारी घरांत तीच अधिक आढळते. भारतातील हिरो समूह आणि जपानची होंडा कंपनी यांची भागीदारी १९८४ मध्ये सुरू झाली. १९८५ मध्ये सीडी १०० ही गाडी आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. ९७.२ घनसेंटिमीटरचे, हवेने थंड होणारे चार-स्ट्रोक इंजिन, चार गिअर, तारांची चाके आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक अशी तिची साधी रचना होती. डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही कंपन्यांनी वेगळे होण्याचे जाहीर केले आणि २०११ पासून ही गाडी हिरो मोटोकॉर्पच्या नावाने निघू लागली. मात्र मूळ इंजिनाचे कूळ दीर्घकाळ तेच राहिले. त्यामुळे तालुक्याच्या गावातही हिचे सुटे भाग मिळतात आणि हिचे काम येत नाही असा मिस्त्री शोधून सापडणार नाही. कमी खर्चात काम करायचे तर गाडीच्या रुबाबापेक्षा या दोन गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

१९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली यामाहा आरएक्स १०० किंवा म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा-येझदी यांची गोष्ट निराळी आहे. त्या गाड्यांना हौशी लोकांमध्ये मोठी मागणी आहे. त्यांचे मूळ सुटे भाग दुर्मीळ आणि महाग आहेत, आणि त्यांची किंमत त्या मूळ स्वरूपात राहण्यावरच अवलंबून असते. अशी गाडी घरात असेल तर तिच्यावर प्रयोग करू नयेत. तिची निगा राखावी. प्रयोगासाठी स्प्लेंडरसारखी सर्वसाधारण गाडीच योग्य होय.

खर्च कोणत्या खात्यात धरावा, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट असले पाहिजे. जुन्या गाडीवर घातलेला पैसा विक्रीच्या वेळी परत येत नाही. विमा क्षेत्राचे कोष्टकच पाहावे. वाहनाची विमा उतरवण्याजोगी किंमत ठरवताना सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. पाच वर्षांनंतर किंमत उभयपक्षी संमतीने ठरते. वीस वर्षांच्या गाडीला नवा रंग दिला म्हणून हा क्रम उलटा फिरत नाही. तेव्हा हा खर्च गुंतवणूक म्हणून मांडू नये. रोजच्या वापराचे एक वाहन हाती येते आणि मुलाला एक कसब येते, या दोन लाभांसाठी केलेला तो खर्च आहे. त्या दृष्टीने रक्कम पटत असेल तरच काम हाती घ्यावे.

रक्कम ठरली की पाना हाती घेण्यापूर्वी कागद हाती घ्यावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. अनेक घरांत ही मुदत कधीच उलटून गेलेली असते आणि ते कोणाच्या ध्यानातही नसते. नूतनीकरणाचे शुल्क, महाराष्ट्रातील पर्यावरण कर, विलंब झाला असल्यास त्याचा दंड, उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि त्रयस्थ पक्षाचा विमा या सर्वांची बेरीज आरटीओ कार्यालयात व विमा प्रतिनिधीकडे विचारून प्रथम काढावी. ही बेरीजच ठरलेल्या रकमेला भारी पडत असेल, तर गाडी न उघडलेलीच बरी.

कागदांत आणखी दोन ठिकाणी गाठ पडलेली असते. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाने मृत्यूची माहिती ३० दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा, असा नियम आहे. मुदत गेली असली तरी ही नोंद आधी नीट करून घ्यावी. दुसऱ्याच्या नावावरील वाहनात बदल करणे आणि ते चालवणे म्हणजे अपघातप्रसंगी विम्याच्या दाव्याला आपणच अडथळा निर्माण करणे होय. दुसरी गाठ बँकेची. गाडी कर्जावर घेतली असेल, तर कर्ज फिटून वीस वर्षे झाली तरी आरसी बुकावर तारणाची नोंद तशीच राहिलेली असू शकते. बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ दिल्याखेरीज ती उतरत नाही. ज्या शाखेने कर्ज दिले ती आज दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असण्याचा संभव असतो, म्हणून हे पत्र मिळवायला वेळ लागतो. रंगकाम सुरू होण्यापूर्वीच अर्ज गेलेला बरा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावे. घरी सुरू केलेली अशी कामे बहुधा महाग सुट्या भागामुळे फसत नाहीत. ती फसतात गाडी एकाच वेळी पूर्ण उघडल्यामुळे. पहिल्या रविवारी उत्साहाच्या भरात टाकी, सीट, चाके, मडगार्ड, वायरिंग असे सर्व काही निघते. दुसऱ्या रविवारी परीक्षा असते, तिसऱ्या रविवारी लग्न असते, पुढे दिवाळीची गर्दी येते. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कोठला हे आठवत नाही, डब्यातील नट हरवलेले असतात, उघड्या भागांना गंज चढलेला असतो आणि शेवटी भंगारवाला तीच गाडी किलोच्या भावाने नेतो. व्यापाऱ्याला हे समजायला अवघड नाही. अर्धवट तयार मालात अडकलेले भांडवल हे सर्वांत महागडे भांडवल असते. त्याला ना भाव असतो, ना तारण म्हणून किंमत.

यास्तव एकच नियम कटाक्षाने पाळावा. काम अशा टप्प्यांत वाटावे की प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस, म्हणजे शक्यतो त्याच रविवारी संध्याकाळी, गाडी पुन्हा जोडलेली, चालू आणि रस्त्यावर नेण्याजोगी असेल. एका वेळी एकच व्यवस्था उघडावी: आज पुढचा ब्रेक, पुढच्या रविवारी मागचे चाक, त्यानंतर वायरिंग. या पद्धतीत काम हळू होते असे वाटते. पण ते मध्येच थांबले तरी तोवर झालेला खर्च वाया जात नाही. घरात चालती गाडी शिल्लक राहते. कमी खर्चाचा खरा अर्थ हाच आहे. स्वस्त भाग आणून काम अर्धवट सोडण्यापेक्षा, नेमके भाग आणून ते पुरे केलेले अधिक स्वस्त पडते.

टप्प्यांचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम गाडी थांबवणारे भाग, मग तिला पेलणारे व ओढणारे भाग, नंतर वीज व इंजिन, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांना दिसणारे भाग. समजा, कागदपत्रांचा खर्च वगळून १५,००० रुपये हाताशी आहेत. त्यांतील निम्मे, म्हणजे ७,५०० रुपये, पहिल्या दोन टप्प्यांसाठी. २,२५० रुपये वीज व इंजिनासाठी. ३,००० रुपये रंगरूपासाठी. आणि उरलेले २,२५० रुपये, म्हणजे १५ टक्के, अडीअडचणीसाठी राखून ठेवावेत. गावातील भावांप्रमाणे आकडे बदलतील; पण निम्मा वाटा सुरक्षिततेचा, हे प्रमाण बदलू नये. तरुणांचा ओढा अगदी उलट असतो. पहिली खरेदी आकर्षक हँडलची होते आणि ब्रेक लायनरसाठी पैसे उरत नाहीत.

पहिला टप्पा ब्रेकचा. ड्रम ब्रेकच्या बाहेरच्या बाजूस लायनर किती झिजले हे दाखवणारी खूण असते. ब्रेक पूर्ण दाबला असता बाण त्या खुणेशी पोहोचत असेल, तर लायनर बदललेच पाहिजेत. बदलताना आतील कॅम साफ करून त्यावर अगदी थोडे ग्रीस लावावे. लायनरला मात्र ग्रीसचा किंवा तेलाचा थेंबही लागू देऊ नये. ड्रममधील काळी भुकटी तोंडाने फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून फडके टाकून द्यावे. ब्रेक व क्लचच्या केबल जुन्या असतील, तर त्या वंगण देऊन वाचवण्यापेक्षा नव्या घालणे शहाणपणाचे आहे. शंभर-दोनशे रुपयांची केबल ऐन वळणावर तुटली तर तिची किंमत मोजता येत नाही. डिस्क ब्रेक बसवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी चिमटा, चाक आणि हँडलवरील लिव्हर असे सगळेच बदलावे लागते. साधारण साडेसात अश्वशक्तीच्या या गाडीला व्यवस्थित जुळवलेला ड्रम ब्रेक पुरेसा आहे.

दुसरा टप्पा चाकांचा आणि चेनचा. टायरची नक्षी चांगली दिसली म्हणून तो चांगला असतोच असे नाही. टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो; त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला बारीक भेगा पडतात; असा टायर बदलावाच आणि सोबत ट्यूबही नवी घ्यावी. माप कंपनीने दिलेलेच असावे. मागे जाड टायर घालण्याची हल्ली चाल आहे. पण अरुंद रिमवर जाड टायर चेपला जातो, वळताना त्याचा रस्त्याशी होणारा स्पर्श बिघडतो, चेनला तो घासू शकतो आणि पेट्रोलही अधिक लागते. चेन बदलायची तर दोन्ही चक्रांसह पूर्ण चेनसेट बदलावा. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकरच खराब होते. चाकाचे बेअरिंग, हँडलखालचा कोनसेट आणि मागच्या आर्मचे बुश यांत ढिलाई आहे का, हे गाडी मधल्या स्टँडवर लावून चाक हलवून पाहावे. ही कामे मिस्त्रीकडून करून घ्यावीत. बेअरिंग ठोकून बसवणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

तिसऱ्या टप्प्यात वीज व इंजिन येते. काम सुरू करताना बॅटरीची ऋण वायर आधी काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. वीस वर्षांत अनेक हातांनी वायरिंगला चिकटपट्टीचे जोड दिलेले असतात. ते सोडवून डाख देऊन नीट जोडावेत आणि वर आवरण चढवावे. जुन्या स्प्लेंडरमध्ये हेडलाइटला वीज थेट इंजिनावरील कॉइलकडून येते, बॅटरीकडून नव्हे. म्हणून बाजारातील कोणताही एलईडी दिवा त्यात नीट चालेलच असे नाही. तो लुकलुकतो किंवा जळून जातो. साधा हॅलोजन बल्ब, स्वच्छ परावर्तक आणि नवा काच-घुमट एवढ्यानेही प्रकाशात पुष्कळ फरक पडतो. इंजिनाच्या बाबतीत ऑइल, प्लग, एअर फिल्टर बदलणे आणि कार्बोरेटर साफ करणे एवढे घरी होते. व्हॉल्व्हचे अंतर मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. याउपर धूर निघत असेल किंवा आतून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर इंजिनाचा खर्च वेगळा धरावा लागेल. तो राखीव रकमेत बसत नसेल, तर रंगरूपाचा टप्पा पुढे ढकलावा; रंग थांबू शकतो.

चौथा टप्पा रूपाचा, आणि सारा हट्ट असतो तो याच टप्प्यासाठी. येथे थोडा इतिहास उपयोगी पडेल. ज्या घडणीला आज 'कॅफे रेसर' म्हणतात, ती १९५०-६० च्या दशकांतील ब्रिटनमधली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफे हे तिचे प्रसिद्ध ठिकाण होते. १९३८ मध्ये सुरू झालेले हे उपाहारगृह महायुद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४९ मध्ये पुन्हा उभे राहिले, १९६९ मध्ये बंद पडले आणि २००१ मध्ये पुन्हा उघडले. तेथे जमणारे तरुण बहुतांशी कष्टकरी वर्गातील होते. आपल्या सर्वसाधारण गाड्यांवरचे अनावश्यक भाग ते उतरवत आणि हँडल खाली घेत. त्या शैलीचा पाया काढून टाकण्यात होता, विकत आणून चढवण्यात नव्हता. आज दुकानातील चमकदार वस्तूंनी गाडी मढवली जाते, तेव्हा खर्चही वाढतो आणि रूपही हरवते. फुटके स्टिकर, गंजके क्रॅश गार्ड, तुटके प्लॅस्टिक, कोणी तरी लावलेले रंगीत दिवे एवढे उतरवून गाडी केरोसिनने पुसून धुतली, तरी निम्मे काम झालेले असते.

टाकीच्या रंगासाठी संयम लागतो. टाकी आतून गंजली असेल, तर स्वयंपाकघरात मिळणारे लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून काही तास आत ठेवावे. मग टाकी भरपूर पाण्याने धुवावी, खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून पुन्हा धुवावी, पूर्ण वाळवावी आणि लगेच आत तेलाचा हलका हात फिरवावा. अन्यथा काही तासांतच नवा गंज येतो. बाहेरून पॉलिश पेपर पाणी लावूनच घासावा. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि कोरडी भुकटी घरातील लहान मुलांच्या श्वासात जाते. जाडसर पेपरपासून बारीक पेपरपर्यंत क्रमाने जावे, खळग्यांत पुट्टी भरावी, प्रायमर द्यावा, आणि मग रंगाचे पातळ थर एकामागून एक द्यावेत. येथवरचे काम घरी होते. मात्र साध्या डब्यातील फवारा-रंगावर पेट्रोल सांडले की तो विरघळतो. म्हणून शेवटचे पारदर्शक आवरण मोटारींना रंग देणाऱ्या कारागिराकडून द्यावे. त्या आवरणातील कडक करणारे रसायन श्वासास घातक असते. साध्या रुमालाने त्यापासून रक्षण होत नाही.

रंग शक्यतो आरसी बुकातलाच ठेवावा. वेगळा हवा असेल, तर आरटीओत आधी विचारून त्याची नोंद करून घ्यावी. चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर पुट्टी किंवा जाड रंग चढू देऊ नये. नूतनीकरणाच्या तपासणीत तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. सीटचा फोम दाबून पाहावा. तो ठीक असेल तर केवळ कव्हर बदलावे. जुन्या बाजारातील सीट शिवणारे कारागीर रेक्झिनमध्ये हवी तशी शिलाई करून देतात. आपल्या घरांना चामडे वर्ज्यच असते, आणि पावसात टिकण्याच्या दृष्टीनेही रेक्झिनच बरे.

काय करावे याइतकेच काय करू नये हेही महत्त्वाचे आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या व नोंदणी पुस्तकात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून चेसिस कापणे, जोडणे, दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे यांचा विचारही करू नये. आवाज करणारा सायलेन्सर हा ध्वनी व वायू प्रदूषणाचा गुन्हा तर आहेच. शिवाय कार्बोरेटरची जुळणी न करता तो बसवल्यास इंजिन तापते आणि ताकद वाढत नाही. अनेक सुरांचे हॉर्नही नियमबाह्य आहेत.

आणखी एका भागाकडे घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः लक्ष द्यावे. गाडी सडपातळ दिसावी म्हणून तरुण मंडळी सर्वांत आधी साडी गार्ड काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायला हात, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. कपडा चाकात अडकू नये हाच त्यामागील हेतू होय. पदर किंवा ओढणी चाकात गुंतून होणारे अपघात क्षणात घडतात. ज्या गाडीवर उद्या आई किंवा बहीण बसणार आहे, तिच्या शोभेसाठी हा भाग काढणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. गंजला असेल तर तो घासून काळा रंग द्यावा. नेटका केला की तोही शोभतो. आरसे आणि मागचे मडगार्ड यांनाही हाच न्याय लावावा.

कामाची जागा निवडताना व्यापारी घराने विशेष सावध असावे. दुकानाचे गोदाम मोकळे दिसते, फरशी सपाट असते आणि दिवाही असतो. पण कापड, बारदान, कागद, तेलाचे डबे यांच्या शेजारी पेट्रोलची टाकी उघडणे म्हणजे साऱ्या भांडवलाला काडी लावण्याचा धोका पत्करणे होय. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटते. अंगणात, मोकळ्या हवेत, दिवसाउजेडी काम करावे. पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढून दूर ठेवावे. देवघरातील समई व स्वयंपाकाची शेगडी यांपासून पुरेसे अंतर असावे, आणि वाळूची बादली हाताशी असावी. काढलेले जुने ऑइल गटारात न ओतता गॅरेजवाल्याकडे द्यावे.

हत्यारांवर फार खर्च करण्याचे कारण नाही. ८, १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटरचे चांगल्या प्रतीचे रिंगपाने, एक गोटीपान्यांचा संच, पक्कड, आणि स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे पेचकस एवढे पुरते. जपानी धाटणीच्या या गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू सैल पेचकसाने घासले जातात आणि मग ते काढायला लेथवाल्याकडे जावे लागते. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत नाव लिहून ठेवावेत आणि काढलेला मूळ भाग फेकू नये. तपासणीच्या वेळी किंवा मन बदलल्यास तोच उपयोगी पडतो. काम झाल्यावर शंभर किलोमीटर गाडी चालवून सर्व नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत. त्या पहिल्या फेऱ्या घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, हेल्मेट घालून आणि मागे कोणालाही न बसवता कराव्यात.

शेवटी वहीविषयी. या कामासाठी मुलाला एक वेगळी वही घालून द्यावी. तीत तारीख, काम, अंदाजी खर्च, प्रत्यक्ष खर्च, फरक आणि काढलेला भाग कोठे ठेवला असे सहा रकाने असावेत. पैसे एकरकमी देऊ नयेत; एका टप्प्याचा हिशेब पूर्ण झाला आणि गाडी चालू झाली की पुढच्या टप्प्याची रक्कम द्यावी. बँका बांधकामाच्या कर्जाचे हप्ते असेच प्रगती पाहून देतात. यात अविश्वास नाही. काम पूर्णत्वाला नेण्याची ती शिस्त आहे. ज्या मुलाने तीन दुकानांत चेनसेटचा भाव विचारला, बनावट भाग आणि अस्सल भाग यांतील फरक ओळखला, मिस्त्रीच्या कष्टाला योग्य दाम दिला आणि फरकाच्या रकान्यात खरा आकडा लिहिला, त्याला पेढीच्या वहीवर बसवताना फारसे शिकवावे लागत नाही.

गाडी तयार झाल्यावर ती कदाचित छायाचित्रातल्यासारखी दिसणार नाही. टाकीवरचा एखादा डाग राहील, सीटची शिलाई किंचित वाकडी येईल. ब्रेक मात्र जागच्या जागी लागले पाहिजेत, दिवा रस्ता दाखवणारा असला पाहिजे, कागद गाडीशी जुळले पाहिजेत आणि वहीतील बेरीज ठरल्या रकमेत बसली पाहिजे. एवढे साधले की घरातील कोणीही ती गाडी निःशंकपणे बाहेर काढावी.